अलिबागला निघण्याआधी तिथी बघा

(घरून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा समुद्रकिनाऱ्यांबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते आहे. बहुतेकांनी 'कुठे जाऊ' असं विचारलंय. मी जवळपास प्रत्येकाला आधी 'कधी जा' ते सांगणार आहे, त्याचं कारण पहिल्याच उत्तरात येईल.)

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मागच्या महिन्यात एका रविवारी गाडी काढून अलिबागला गेलो. सातला निघालो, वडखळला अडकलो, किनाऱ्यावर पोचेपर्यंत बारा वाजले. कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं असं ऐकलं होतं, पण किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. ऊन तर असं की मुलं लगेच कंटाळली. जेवलो आणि परत फिरलो. पुन्हा जायचं झालं तर काय वेगळं करावं?

उत्तर : तुम्ही तारीख लिहिलेली नाही, पण भर दुपारी बाराला किल्ल्याभोवती पाणी होतं म्हणताय, त्यावरून तो दिवस पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या आसपासचा असणार.

मी चेंदणी कोळीवाड्यातली. बाबांची होडी ठाण्याच्या खाडीत असायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात तिथी छापलेली असते, ती बघून ते निघायची वेळ ठरवायचे. हिशेब अगदी सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. घड्याळात अर्धा तास इकडेतिकडे धरा, बहुतेक वेळा पुढेच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हल्ली मोबाईलवर भरतीचं तयार वेळापत्रक मिळतं, तेही जरूर बघा. पण रविवार कुठला घ्यायचा हे चहा पितापिता भिंतीकडे बघून ठरवता आलं तर बरं, म्हणून ही पाऊणपट पाठ करा.

आता दुसरी गोष्ट. ओहोटी सगळ्या दिवशी सारखी नसते. पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतंही. हे उधाण. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, पावसाळ्यात महापालिका त्या तारखा आधीच जाहीर करते ती यासाठीच. अष्टमी-नवमी-दशमीला मात्र भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवसांत ओहोटीच्या वेळी गेलात तरी कुलाब्याच्या वाटेत पाणी राहू शकतं.

म्हणून कुलाब्यासाठी मी चतुर्थी आणि पंचमी सांगते. ओहोटी साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास, ऊन अजून सोसण्यासारखं, आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्यामुळे पाणी चांगलं लांब जातं. दुपारचीच वेळ हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी, साडेतीन ते साडेचार. एखाद्या महिन्यात एकही रविवार या तिथ्यांना येत नाही, तेव्हा शनिवार बघा किंवा मुलांची एक दिवसाची सुट्टी काढा. शाळेचा एक दिवस बुडाल्याने काही अडत नाही.

निघायचं पहाटे पाचला. पनवेल, पेण, वडखळ करत उजाडता उजाडता पुढे सरकलात की वडखळचा नाका अंगावर येत नाही. गाडीचा मोह सोडता आला तर आणखी बरं : लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे, गेटवेहून मांडव्याची बोट आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागची बस. बोटीत तासाभराचा वारा मिळतो, तुमच्या सासऱ्यांना तो वडखळच्या धुरापेक्षा खचित मानवेल. परतीची शेवटची बोट किती वाजता ते मात्र जातानाच विचारून ठेवा. पावसाळ्यात या बोटी बंद असतात.

किल्ल्याकडे चालायला पाणी उतरत असताना सुरुवात करायची आणि ते परत फिरायच्या बेताला असताना आपण निघायचं. आत वेळेचं भान राहत नाही, म्हणून मोबाईलला गजर लावा. सासूबाईंना ओल्या वाळूतून आणि दगडांतून चालणं जड वाटलं तर घोडागाडी मिळते. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि गोड्या पाण्याचं तळं आहे. भर समुद्रात गोडं पाणी बघून मुलं विचारात पडतात, त्यांना चव घ्यायला सांगू नका एवढंच. बांधकाम शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. तटाचे प्रचंड दगड मध्ये चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. मुलांना फटीजवळ उभं करून हे दाखवा.

आणि जाताना त्यांना खाली बघायला लावा. पाणी नुकतंच सरलेल्या वाळूवर मोहरीएवढ्या-ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटलेली असते. प्रत्येक नक्षीच्या मधोमध एक भोक, आणि त्यात नखाएवढा खेकडा. तो वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खायचं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पाय आपटलात तर सगळे भोकात गडप. दोन मिनिटं हलायचं नाही, मग एकेक बाहेर येतात. माझ्या भाचरांना किल्ल्यापेक्षा हेच जास्त आठवतं.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो, सेकंड इयरला आहे. आम्ही चार मित्र. गाडी नाही, पैसे बेताचे. सगळे म्हणतात काशीदला चला, पण तिथे जाण्या-येण्यातच दिवस जाईल असं वाटतं. लोकलने जाता येईल असा समुद्र आहे का?

उत्तर : आहे, आणि तुझ्या दारातून आहे. काशीद तू म्हणतोस तसंच, एका दिवसात नुसती दगदग; तिथे एक रात्र मुक्काम करूनच जावं.

तुम्ही उरणला जा. नेरूळहून खारकोपरपर्यंतची लोकल २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती पुढे उरणपर्यंत गेली १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. ट्रान्स हार्बरने नेरूळला उतरायचं आणि उरणची गाडी पकडायची. या गाड्या आपल्या नेहमीच्या लोकलसारख्या पाठोपाठ नसतात, म्हणून वेळापत्रक बघून घर सोड. खिडकीत बस. खाडी, कांदळवन, मिठागरं, मग बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा, असं सगळं एकामागून एक दिसतं. कष्टकऱ्यांचं उरण बघायचं तर या खिडकीतूनच बघावं.

उरण स्टेशनवरून रिक्षाने पिरवाडी. मऊ वाळूची, फोटोतली चौपाटी तिथे मिळणार नाही हे आधीच सांगते. किनारा खडकाळ आहे आणि मला तो आवडतो तो त्या खडकांसाठीच. सकाळी ओहोटी असेल अशा दिवशी जा. वर अलिबागसाठी सांगितलेली चतुर्थी-पंचमी तुम्हालाही चालेल. पाणी उतरलं की खडकांच्या खळग्यांत डबकी राहतात. एका डबक्याजवळ चौघं उकिडवे बसा आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बघा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग चालणारा शंख दिसतो, तो चालतो कारण आत साधू खेकडा राहायला आलेला असतो. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल दिसतं, काचेसारखे पारदर्शक झिंगे दिसतात. काही उचलू नका. दगड उलटा करून पाहिलात तर तो होता तसाच ठेवा, खालच्या जिवांना ऊन लागलं की ते मरतात. शेवाळावरून पाय घसरतो, म्हणून चपला नकोत, जुने बूट घाला.

परत येताना त्याच लोकलने येऊ नका. मोरा बंदरावर जा आणि भाऊच्या धक्क्याची लाँच पकडा. मुंबईच्या बंदरातून, नांगरलेल्या जहाजांच्या मधून तुम्ही माझगावला उतरता. तिथून डॉकयार्ड रोड स्टेशन, हार्बरने वाशी, पुढे घर. लोकल, रिक्षा आणि लाँच मिळूनही गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्तात पडेल. फक्त एक लक्षात ठेव : मोऱ्याला गाळ फार साचलाय. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवतात. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास नेमकी अशी ओहोटी असते, तेव्हा शेवटच्या लाँचवर विसंबू नका. चतुर्थी-पंचमीला दुपारी साडेतीन-चारला भरती, त्यामुळे तो दिवस दोन्ही बाजूंनी जमतो.

डबा घरून न्या. चौघांत एक पाण्याची मोठी बाटली पुरणार नाही.

प्रश्न : माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं बालपण रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर गेलं. आता गुडघे धरलेत, वाळूत चालता येत नाही, जिने फार चढवत नाहीत. "एकदा समुद्र दाखव" असं सारखं म्हणते. आम्ही वाशीला राहतो. तिला कुठे नेऊ?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वाळूवर बसण्यापेक्षा पाण्यावर असण्याचं जास्त असतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून पहिलं सुचवते ती भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो. २०२० पासून सुरू आहे. मोठी बोट, गाडीसकट जाता येतं, त्यामुळे आईंना धक्क्यापर्यंत पायपीट नाही. साधारण तासाभराचा प्रवास. बसायची जागा कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथवर किती पायऱ्या आहेत, हे तिकीट काढतानाच विचारा. मांडव्याला फार काही करायचं नाही. धक्क्याजवळ सावलीत बसा, नारळपाणी घ्या, आईंना बोलू द्या आणि पुढच्या बोटीने परत या. अलिबागपर्यंत ओढून नेऊ नका. वारा फार असलेला दिवस टाळा; जाऊन-येऊन होणाऱ्या दगदगीपेक्षा बोटीचं हलणं गुडघ्यांना जास्त त्रास देतं, उठताना धरायला माणूस हवा.

एवढंही झेपणार नसेल तर तुमच्याच वाशीचं सागर विहार आहे. ही खाडी आहे, उघडा समुद्र नाही, आईंना ते लगेच कळेल. पण भरतीला तिथे बसलं तर पाणी भरून आलेलं दिसतं आणि खारा वारा लागतो. ओहोटीला गेलात तर समोर नुसता चिखल आणि वास. सप्तमी-अष्टमीला भरती संध्याकाळी पावणेसहा-साडेसहाच्या सुमारास येते, तेव्हा न्या. फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक भरतीची वेळ बघून येतात, बाकीचे मग म्हणतात, खाडीला काय बघायचंय.

थंडीत आणि उन्हाळ्यात आणखी एक करता येईल. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी दाखवायला बोट नेतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. बोटीची वेळ रोज बदलते, कारण ती भरतीवर ठरते, तेव्हा आधी नोंदणी करा आणि धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना किती खाली उतरावं लागतं ते विचारून घ्या. माझ्या लहानपणी या खाडीत आम्ही मासळी आणि चिंबोऱ्या पाहिल्या. आता मासळी फार उरली नाही, पण हजारोंनी गुलाबी पक्षी येतात. आमच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्याचं काय वाटतं ते एका वाक्यात सांगता येणार नाही.

प्रश्न : मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. किनाऱ्यावर गेलं की पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. कोणता किनारा सुरक्षित? – कळव्याहून एक आई

उत्तर : सुरक्षित किनारा म्हणून मी कुठल्याही गावाचं नाव देणार नाही. नाव दिलं की माणूस निर्धास्त होतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, वयाने मोठी मुलं होती.

पाणी चढत असताना डुंबू द्या, उतरायला लागलं की बाहेर काढा. उतरतं पाणी पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही आत नेतं. मुलांना त्यांच्या गुडघ्यापर्यंतच, आणि तुमच्यापैकी एकाने त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. सगळे पालक मागे उभे राहून फोटो काढतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. साडी किंवा जीन्स ओली झाली की फार जड होते, पाण्याजवळ उभं राहणाऱ्याने ती घालू नये.

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे अजिबात नाही. आक्षी, रेवदंडा, अशा ठिकाणी खाडीच्या तोंडाशी पाणी कितीही शांत दिसलं तरी आत ओढ असते. आणि सरळ किनाऱ्यावरसुद्धा एक खूण बघायला शिका : दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, जरा गडद, तिथे लाट फुटतच नाही. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथे जातो, कारण तिथे लाटा नाहीत. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत समुद्रात जात असतं. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम जातो. अंग सैल सोडून तरंगायचं, आणि हातपाय मारायचे ते किनाऱ्याला समांतर, पट्ट्याच्या बाहेर पडेपर्यंत. हे मुलांना घरीच, कागदावर चित्र काढून समजावा. तुम्ही मात्र पोहता येत नसताना मागून उडी घेऊ नका. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका आणि जीवरक्षकाला हाका मारा. पोचल्यावर पहिलं काम हेच, जीवरक्षक कुठे बसतो ते बघून ठेवणं आणि तो नसेल तर टपरीवाल्याला विचारणं, "इथे कुठे उतरायचं नाही?" गावातली माणसं खरं सांगतात.

प्रश्न : पावसाळ्यात समुद्र फार सुंदर दिसतो. जुलैत एक दिवस कुठे जावं?

उत्तर : मरीन ड्राइव्हला, कठड्याच्या अलीकडून. जून-जुलैत मासेमारी बंद, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद, किनाऱ्यांवर बऱ्याचदा जाण्याची मनाई. वाळूवर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू देऊ नका, त्याचे धागे मेल्यावरही डसतात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : समुद्रावर जाऊन येताना मासळी आणायची असते. ताजी कशी ओळखावी, आणि सुकी कुठून घ्यावी? – नौपाड्यातून एक वाचक

उत्तर : हा प्रश्न आला नसता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं.

उत्तनला जा. पालघर वेगळा झाल्यापासून ठाणे जिल्ह्याला उघडा समुद्र उरला आहे तो उत्तनच्या पट्ट्यातच, आणि ठाणेकरांना त्याची आठवण फारशी नसते. घोडबंदर रोडने भाईंदर, भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. पावसाळा सोडला की तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकत असतात, जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. सुकी मासळी एप्रिल-मेमध्ये घ्या, बेगमीची तीच वेळ. बोंबील वाकवून बघा. नीट वाळलेला कडक असतो, लवतो तो ओलसर आहे आणि पावसात त्याला बुरशी येईल. जवळा मुठीत दाबा, हाताला चिकटता कामा नये आणि वाळू लागता कामा नये. घरी आणल्यावर पुन्हा एक दिवस कडक ऊन द्या आणि मगच बरणीत भरा.

ताज्या मासळीत कल्ले उघडून बघायचे, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ. बोटाने दाबलं की खड्डा भरून यायला हवा. ओले बोंबील मात्र या परीक्षेत बसत नाहीत, ते मुळातच लिबलिबीत. त्यांचा रंग बघा, गुलाबी झाक असेल तर घ्या, पिवळट असेल तर सोडा. चिंबोऱ्या अवसेच्या आसपास भरलेल्या असतात आणि पुनवेला पोकळ, असं आमच्याकडे पक्कं मानतात, त्यामुळे तिथेही तिथी बघावीच लागते. घेताना चिंबोरी हातात तोलून बघा, आकारापेक्षा जड लागली पाहिजे.

भाव करा, पण वाटा लावून बसलेल्या बाईशी नीट बोला. ती पहाटेपासून उठलेली असते. बर्फ घालून न्यायला घरून झाकणाचा डबा न्यायचा, आणि मासळी सगळ्यात शेवटी, परतीच्या वाटेवर घ्यायची.